बोर्दोची सोलकढी

मृणालीने सोलकढीचा पेला नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. आधी ओल्या लाकडाचा वास, त्यामागे जांभळासारखं काहीतरी आणि सगळ्यात शेवटी लसूण-कोथिंबीर. लसूण-कोथिंबीर आईची होती. बाकीचा वास फ्रान्समधला, बोर्दोचा. वर्षभर तिथे शिकून तो तिला पाठ झाला होता.

तुळशीरामशेठनी लेकीला तिकडे धाडलं होतं गोडाऊनचं शास्त्र शिकायला. गावी, पूर्ण्याला त्यांची चार गोडाऊनं होती आणि पोरगी परतली की ती चारही कंप्युटरवर चालणार, असं ते भेटेल त्याला सांगत. पण बोर्दोत मास्तर जे गोडाऊन बघायला नेत, ते वाइनचंच निघे. तिथे पेला कसा गरगर फिरवायचा, कसा हुंगायचा, घोट घेऊन कसा थुंकायचा, हेही शिकवत. पहिल्या दोन गोडाऊनांत मृणाली थुंकली. पुढे तिला तो अन्नाचा अपमान वाटू लागला. घरी फोनवर ती सांगे, "आज पण गोडाऊनच बघितलं, पप्पा." आणि ते खरंच होतं.

दोन हजार सातच्या मे महिन्यात ती सुट्टीला घरी आली. निघताना मास्तरांनी भेट दिलेली वाइनची बाटली टाकवेना, म्हणून मोज्यांत गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातली. आणि आज घरी जेवायला आली होती गावची दारूबंदी समिती. समितीची म्होरकी आक्का आणि तिच्याबरोबर पाच बाया. आठ वर्षांपूर्वी दारू सोडलेल्या तुळशीरामशेठना अध्यक्ष करावं की नाही, हे त्या ठरवणार होत्या. शेठ स्वतः पेढे आणायला गेले ते धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले.

मृणाली स्वयंपाकघरात धावली. "आई, कढीत काय घातलंस?"

"कोकमाचं आगळ. तुजं मोजं धुवाय काढलं ना, त्यात बाटली गावली," पुतळाबाई म्हणाल्या. "बूच मेलं निघंना, बत्त्यानं आत ढकललं. आन कवढं फिकं गो तिकडचं आगळ! अख्खी बाटली वतली तवा कुठं रंग चढला."

मृणाली तशीच ओटीवर पळाली. "आक्का, कढी पिऊ नका. नासलीय!"

"माजी कढी?" मागून पुतळाबाई कडाडल्या. "पंचवीस वर्सांत कंदी नासली न्हाय!"

आक्काने पेला रिकामा करून खाली ठेवला. "कोन म्हनतं नासली? वत गो अजून."

आता किळस आणून बघावी, म्हणून मृणाली म्हणाली, "आक्का, मी तिकडे गोगलगायी खाल्ल्या."

"म्हंजे आपलं खाडीतलं खुबंच की! लसून घालतात का?"

"घालतात. लोणी पण."

"मंग मानसं चांगली हायत," आक्का म्हणाली आणि दुसरा पेला संपवला. "आन फिरलीस कुठं?"

"गोडाऊनं बघितली."

एवढ्यावर सहाही बाया हसत सुटल्या, त्या थांबेचनात. "फ्रान्सला गेली आन गोडाऊन बघून आली!" म्हणत त्यांतल्या कमळाने डोळे पुसले.

निदान वेळ तरी जाईल, म्हणून मृणालीने नवीनच टूम काढली. "तिकडे असं घटाघटा पीत नाहीत. आधी पेला फिरवतात. मग हुंगतात." लगेच सहा पेले गरगर फिरू लागले. "मग घोट घेऊन थुंकतात."

"थुकतात? येडी का खुळी?" आक्काने पेला तोंडाला लावला.

तिसऱ्या पेल्यानंतर कमळाने लग्नातली गाणी सुरू केली. दोघी फेर धरून नाचल्या. मग सगळ्यांनाच पुतळाबाईंची दया आली आणि त्या गात गात खरकटी भांडी घासायला बसल्या. तुळशीरामशेठ पेढे घेऊन दारात आले, तेव्हा समितीच्या हाताला राख होती आणि आक्का कढईवर ठेका धरून होती.

"ये रं तुळशीराम! आदी ही कढी घे."

शेठनी पेला ओठांशी नेला. त्याच क्षणी मृणालीने झेप घातली. सगळी कढी पांढऱ्याशुभ्र शर्टावर. शेठनी शर्टाचं टोक उचलून हुंगलं. आठ वर्षं झाली होती, पण नाक काही विसरलं नव्हतं.

"पप्पा, ते गोडाऊन..."

"कळलं." त्यांनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. "सांगून टाक त्यांना. खोटं बोलून अध्यक्ष व्हायचं न्हाय मला."

मृणालीने हात जोडून सगळं सांगितलं. पुतळाबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि आक्का खदखदून हसली.

"दारू? मला शिकवतेस दारू? माजा म्हातारा वीस वर्सं प्याला. दारू पेलेला मानूस भांडी फेकतो, पोरी. आमी भांडी घासली!"

"माजा नवरा तं पिला का रडतो," कमळा म्हणाली. "मला मेलं हसूच येतंय."

"आक्का, शपथ, ती वाइन..."

"गप! चार बुकं शिकली आन आयच्या कढीला नावं ठेवते!"

तुळशीरामशेठ ओल्या शर्टातच एकमताने अध्यक्ष झाले. पुतळाबाई मात्र पुढे दोन दिवस लेकीशी बोलल्या नाहीत. दारूचं त्यांना काही नव्हतं. पण सहा बायांनी मागून मागून प्यायलेल्या कढीचं श्रेय पोरगी चारचौघांत एका बाटलीला देऊन बसली होती.