पान उलटून बघणाऱ्या दमूताई

दहिवलीतील समस्त कुंडीधारक नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, दमयंती प्रधान ऊर्फ दमूताई आपल्या दारात दिसल्यास प्रथम घरातली झाडं पडद्यामागे लपवावीत. चहाचं नंतर बघता येईल. हा इशारा मी त्यांच्याच मजल्यावरचा एक अनुभवी जखमी म्हणून देतो आहे.

दमूताई चपला काढता काढताच कोपऱ्यातल्या कुंडीकडे वळतात. पर्समधून भिंग निघतं. "पाठ बघू, पाठ!" म्हणत पान उलटं होतं. पानाची वरची बाजू म्हणजे त्यांच्या लेखी नुसती पावडर-लिपस्टिक. खरा कारभार खाली चालतो. आमच्या पामची पाठ बघून त्या जागच्या जागी थिजल्या.

"अवि, हा पाम इतका आजारी आहे आणि तू त्याच्या शेजारी बसून चकल्या खातोस?"

मी चकली खाली ठेवली. दुसरं काय करणार?

पानाखाली कापसासारखे पांढरे ठिपके होते. त्यांना पिठ्या ढेकूण म्हणतात, ही माहिती मला तिथल्या तिथे मिळाली. मग दमूताईंनी स्पिरिटमध्ये बुडवलेली कापसाची काडी काढली आणि त्या ढेकणांशी बोलू लागल्या. "अहो, सरका जरा. हो, तुम्हीच. बरेच दिवस राहिलात, आता निघा." आम्हा सगळ्यांना अरे-तुरे करणारी ही बाई किड्यांना मात्र अहो-जाहो करते. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "शत्रूला आधी मान द्यावा रे. मग चिरडावं."

भाच्यासाठी मुलगी बघायला त्या खोपोलीला गेल्या होत्या. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली तेव्हा भावी मावससासूबाई क्रोटनच्या कुंडीपाशी गुडघे टेकून बसलेल्या! "मुलगी छान आहे," त्या म्हणाल्या, "पण खवल्या किडीचं काय करायचं ठरवलंय तुम्ही?" लग्न जमलं. रुखवतात क्रोटनची ती कुंडी होती. धुऊन पुसून, लखलखीत.

अशा या दमूताई एका व्यक्तीशी मात्र अक्षरही बोलत नसत. समोरच्याच फ्लॅटमधल्या कुसुमवहिनींशी. म्हणजे सख्ख्या भावजयीशी.

झालं होतं असं. काही वर्षांपूर्वी दमूताई लग्नाला परगावी गेल्या आणि झाडांना पाणी घालायला किल्ली वहिनींकडे देऊन गेल्या. वहिनींना बिगोनियावर किडे दिसले. नणंदेचा जीव या झाडांत आहे, आपण काहीतरी केलंच पाहिजे, अशा शुद्ध प्रेमाने त्यांनी झुरळं मारायचा फवारा आणला आणि दमूताईंची अख्खी बाल्कनी न्हाऊ घातली. किडे मेले. बाल्कनीही मेली. त्या दिवसापासून दोघींमधला सगळा व्यवहार माझ्यामार्फत. एकाच खोलीत असल्या तरी "त्यांना सांग" आणि "त्या बाईंना विचार."

गेल्या हिवाळ्यात वहिनी घसरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण त्यांनी धीरच सोडला. वॉकर भिंतीला टेकलेला आणि वहिनी पलंगावर. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज विनवण्या करून परत जायची. समोर खिडकीत त्यांची एकुलती एक पीस लिली होती. तिला कळी आली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ही फुलली की मी उठेन." आम्हाला तेवढाही शब्द पुष्कळ होता.

आणि कळीवर मावा पडला. हिरवे, चिकट, टाचणीच्या डोक्याएवढे किडे. देठापासून टोकापर्यंत दाटीवाटीने बसलेले. मी दमूताईंना सांगितलं. त्या ताडकन उठल्या आणि त्या फवाऱ्यानंतर प्रथमच समोरच्या घरात शिरल्या.

"त्यांना सांग," वहिनी माझ्याकडे बघत म्हणाल्या, "कसलाही वास चालणार नाही. मला दमा आहे. आणि कुंडी माझ्यासमोरून हलवायची नाही."

"त्या बाईंना सांग, फवारे मारायची रीत आमच्यात नाही."

मी दोन्ही निरोप पोचवले. अंतर चार फूट.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला स्कूटरवर घेऊन दमूताई जवळच्या कोंडाणे गावाच्या वाटेला लागल्या. भात कापून झालेल्या शेतांत वाल उभा होता आणि त्या वालावरही मावा होता. पण तिथे त्याला खाणारे ढालकिडेही होते. नारिंगी पाठ, तिच्यावर काळे ठिपके, थंडीने गारठून पानांना चिकटलेले. दमूताई दोन बोटांनी त्यांना अलगद उचलून पेढ्यांच्या खोक्यात ठेवू लागल्या. शेताची मालकीण हिराबाई कमरेवर हात ठेवून बघत होती.

"बाय, वाल सोडून किडं नेताव?"

"पाहुणे म्हणून नेतेय गं."

"न्या की! जेवायला घाला म्हंजे झालं. आमी काय नाय बोलत." मग माझ्याकडे वळून हळूच, "बऱ्या हायेत ना रं ह्या?"

मला खात्रीने सांगता आलं नाही.

घरी येऊन दमूताईंनी खिडकी लावली, पंखा बंद केला आणि खोकं लिलीच्या बुंध्याशी उघडलं. बराच वेळ काही नाही. मग खोलीतली ऊब लागून एकेक किडा हलला, देठ चढला, कळीपाशी पोचला. पहिल्याने पुढच्या पायांत मावा धरला आणि शांतपणे, भुईमुगाची शेंग खावी तसा, खाल्ला.

"त्यांना विचार, हा करतोय काय?" वहिनी कुजबुजल्या.

"त्या बाईंना सांग, नाश्ता."

"विचार, चावतात का?"

"सांग, आपल्याइतके नाही."

एवढं होईपर्यंत मी निरोप्याचं काम इमानाने केलं. पण मग एका किड्याने पाठीवरची ती नारिंगी ढाल मधोमध उघडली. आतून घडी घातलेले, पाण्यासारखे पारदर्शक पंख निघाले, त्या इवल्या जिवात मावणारच नाहीत एवढे लांब! पाठोपाठ दुसरा उडाला, तिसरा उडाला. खिडकीतल्या उन्हात, मच्छरदाणीवर, पलंगाच्या कठड्यावर, औषधांच्या बाटल्यांवर नारिंगी ठिपके. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. वहिनी काहीतरी विचारत होत्या, दमूताई काहीतरी सांगत होत्या, आणि मी कुणाचंच काही पोचवत नव्हतो.

दमूताई कळीवर वाकल्या होत्या. डोळ्याला भिंग, श्वास रोखलेला. मागे वहिनी कोपरावर रेटा देऊन, कण्हत, आपल्या आपण उठून बसल्या होत्या. एक पाय खाली जमिनीला लागला होता. दमूताई मागे वळणार, इतक्यात वहिनी ओरडल्या,

"दमू, हलू नकोस गं! तुझ्या केसांत बसलाय!"