सहा चमचे दुखणं

मंगळवारी सकाळी चिपळूणच्या कायरोप्रॅक्टर पराडकरांनी इंदुमती रेडीज यांच्या उजव्या गुडघ्यातलं दुखणं बाहेर काढलं, ते सहा चमचे भरलं, आणि नियमाप्रमाणे बाईंनी घरून नेलेल्या स्टीलच्या डब्यात घालून परत दिलं.

पराडकर नेमस्त माणूस. कंबर आणि गुडघा जागच्या जागी बसवून झाल्यावर त्यांनी पोचपावतीवर सही घेतली आणि नियम समजावले. दुखणं रोग्याच्या मालकीचं, ते दवाखान्यात ठेवता येत नाही. मोरीत ओतायचं नाही. राजीखुशीने घेणाऱ्याला माणशी एक चमचा द्यायचं. रात्रभर त्याचा तोच सांधा दुखतो, सकाळपर्यंत ते त्याला पचतं. ज्याचं त्याने मात्र खायचं नाही. संध्याकाळी सहापर्यंत जे उरेल ते पुन्हा सांध्यात.

"झिजलेला सांधा नवा होत नाही, बाई," ते म्हणाले. "दुखणं परत साठणारच. पण साखर, तळण, मैदा सोडलात आणि वजन उतरवलंत, तर पुढच्या महिन्यात तीनच चमचे निघेल."

तीन काय नि सहा काय, आजचं खपल्याशिवाय पुढचा महिना कसला. इंदुमतीबाई पायमशीनवर शिवतात. अर्धी आळी पस्तीस वर्षं त्यांच्या हातचे ब्लाऊज घालते. वर्षभर मात्र पायडल दाबलं की डोळ्यांत पाणी येई. या खेपेला उतार पडला नाही तर मशीन माळ्यावर टाकायचं, असं पुण्याच्या मुलाने निक्षून सांगितलं होतं. त्या मशीनवाचून दिवस कसा ढकलायचा, हे बाईंना उमगत नव्हतं.

पंचाईत अशी की या बाईने उभ्या जन्मात शेजारी विरजणसुद्धा मागितलेलं नव्हतं. आता दुखणं घ्या म्हणत दारोदार फिरायचं. चार वाजेपर्यंत त्या डबा मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या. मग पदर खोचला आणि निघाल्या.

मुकादमांच्या रुकय्याने काही न विचारता एक चमचा घेतला. एक नवऱ्यासाठी ठेवून घेतला; तो दुकानात होता, पण फोनवरून त्याची संमती घेतली गेली. निवृत्त तलाठी खातू यांनी गुडघा उजवाच ना, हे पोचपावतीवरून तपासलं, चष्मा पुसला आणि पत्नीसह दोन चमचे घेतले. चव तुरट आहे, कच्च्या केळ्यासारखी, असा शेराही दिला. पाचवा चमचा गिरणीवाल्याने ताकातून घेतला आणि दळण पुढे चालू ठेवलं.

फक्त एक गोष्ट जड गेली. आलेला डबा मोकळा परत पाठवायचा नाही, ही आळीची रीत. रुकय्याने झाकणात नारळाच्या वड्या घातल्या, खातूंनी चकल्या. पथ्याला पहिल्याच दिवशी हरताळ फासायची वेळ. बाईंनी सगळं गिरणीवाल्याच्या पोरांना देऊन टाकलं. बाईंना स्वतःला नाचणीच्या भाकरीवर दिवस काढायचे होते, आणि आता ते जमेल असं वाटू लागलं होतं.

साडेपाचला एक चमचा शिल्लक होता आणि एकच घर. ते त्यांच्या धाकट्या जावेचं, शैलजाचं. तिच्या मुलीच्या लग्नात बाईंनी शिवलेला ब्लाऊज दंडात घट्ट झाला, यावरून दोघी नऊ वर्षं बोलत नव्हत्या.

शैलजाने दार उघडलं. डब्याकडे पाहिलं, तो घेऊन ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. इंदुमतीबाई पायरीवर उभ्या राहिल्या. पावणेसहा झाले. गुडघ्यात बारीकशी कळ आल्याचा त्यांना भास झाला.

सहाला दहा कमी असताना ती बाहेर आली. डबा तिने दोन्ही हातांनी पुढे केला. आत चमचाभर काहीतरी होतं.

"तुमचं मी घेतलं, वहिनी," ती खाली बघत म्हणाली. "हे माझ्या खांद्यातलं, चमचाभरच निघालं. मीही आजच सकाळी काढून आणलं, पण कुणाच्या दारात जायला पाय उचलेना. डबा मोकळा कसा देऊ? गोड तुम्हाला वर्ज्य झालंय, आळीत कळलं. घरात बिनसाखरेचं एवढंच होतं."

इंदुमतीबाईंनी चमचा मागितला आणि तिथेच पायरीवर बसून डबा निपटून खाल्ला. सहाचा भोंगा झाला. दोघींनी आपापले सांधे चाचपले. परत काही आलेलं नव्हतं.

दिवेलागणीला त्या मशीनवर बसल्या. गुडघा बिनबोभाट चालला. खांदा मात्र सणकून ठणकत होता, आणि दर ठणक्याला आपल्यावर केवढे उपकार झालेत या जाणिवेने बाईंचा ऊर भरून येत होता. सकाळी ते दुखणं पचून गेलं, तेव्हा त्यांना थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.