रुमालाखालचा हात

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी अमडापूरला आमच्या ओसरीवर धर्मादाय फंडाची सभा भरली. शिल्लक एकशे ऐंशी रुपये. हजर: अध्यक्ष मोतीरामशेट, नागपूरहून नवे आलेले डॉक्टर, हिशेबनीस म्हणून मी, आणि न बोलावता आलेले नामदेवभाऊ दलाल. नामदेवभाऊंनी बसण्याआधी डॉक्टरांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि मला म्हणाले, "चारदाती हाये, कोवळा. अजून जड औताले जुपू नका."

त्यांची सारी उमर बैलबाजारात दलाली करण्यात गेली. माणसाची पारखही ते बैलासारखीच करत. माझ्या सोयरिकीच्या वेळी मुलीच्या बापापुढे त्यांनी मलाच चार पावलं चालवून दाखवलं होतं. दोन वर्षांपूर्वी लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. तेव्हापासून ते स्वतःला "एका अंगानं बसलेला बैल" म्हणत, आणि कोणी हसलं नाही तर रागावत.

फंड लकवेवाल्यांसाठीच जमवलेला होता. शेटना त्यातून मुंबईची विजेची पेटी आणायची होती. तिच्या तारा हाताला लावल्या की मेलेला हातही उडतो, असं जाहिरातीत लिहिलं होतं. पेटीवर शेटच्या वडिलांच्या नावाची पितळी पाटी बसणार होती. मागणीपत्र त्याच दिवशीच्या टपालानं जायचं होतं.

मी ठराव वाचू लागलो, तोच नामदेवभाऊंनी काठी आपटली.

"बैल... कोनाचा?"

हा त्यांचा बाजारातला पहिला सवाल. मालक कोण ते कळल्याशिवाय ते भावाचं बोलतच नसत.

"भाऊ, तुमच्याच भल्याचं चालू हाये," शेट म्हणाले.

"बैल कोनाचा... अन् भाव कोन करून राह्यलं?"

"तुमी काय डाक्टर हा?"

"नाई. पन लकवा माहा हाये. आमाले इचारलं काय?" त्यांनी काठी दाराकडे केली. "भाईर गाडीत गोजराबाई हाये. तिले इचारा."

गोजराबाईला लकवा होऊन वर्ष झालं होतं. गाडीतूनच ती म्हणाली, "पेटी नको बापा. साल झालं, भिंतच पाहून राह्यली. मले बाजारात न्या. मेथी नाई घेतली तरी चालीन, भाव तं इचारू द्या."

"धर्माच्या पैशानं बाजार फिराचा?" शेटचा आवाज चढला. डॉक्टर खाली पाहू लागले. "लिहा हिशेबनीस, ठराव मंजूर."

मी टाक दौतीत बुडवला.

नामदेवभाऊंनी डाव्या हातानं खांद्यावरचा रुमाल काढला. त्याच हातानं आपला उजवा हात उचलून त्यांनी शेटपुढे ठेवला आणि वर रुमाल टाकला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून तो ठरतो, बाजूच्याला पत्ता लागत नाही.

"करा सौदा, शेट."

शेटचा हात सवयीनंच रुमालाखाली गेला. नामदेवभाऊंचा चेहरा हलला नाही.

"दाबा."

"दाबलं की."

"मले तं कायीच नाई समजलं. आमच्या नावानं असाच सौदा होऊन राह्यला, शेट."

शेट हळूच म्हणाले, "लय थंड हाये हो हात."

"हाव. पेटी याले नाचवीन. पन सौदा कराले कोन येईन?"

रागानं की कशानं, शेटचा चेहरा लाल झाला होता. रुमालाखालचा हात मात्र त्यांनी लगेच काढला नाही. "बरं, बाजाराची गाडी लिहा," ते मला म्हणाले. "पेटीचं पुढं पाहू."

मी लिहिलं: दर बाजाराला लकवेवाल्यांसाठी गाडी, आणि नामदेवभाऊ व गोजराबाई कमिटीत. कमिटीचं शेटनी सांगितलं नव्हतं. वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, पण खोडायला सांगितलं नाही.

गाडीवान भिवाशी भाव करण्याचं काम नव्या मेंबराकडेच गेलं. बाजाराच्या दिवशी मी पैसे घेऊन गेलो. नामदेवभाऊंनी या वेळी डावा, जिता हात रुमालाखाली घातला.

"ठरलं भाऊ," भिवा लगेच म्हणाला.

नामदेवभाऊंनी हात सोडला नाही. गोजराबाईला गाडीत बसवून झालं, भिवाच्या पोरानं बैलही जुपले. दोन वर्षांत त्यांच्याशी कोणी सौदा केला नव्हता. भिवा समजदार माणूस. त्यानं आपला हात ओढला नाही. रुमाल निघेपर्यंत मी पैसे मुठीत धरून उभा होतो.

मग दिले. त्या दिवसाचे बारा आणे, भिवा गाडीवानाला.