हिरव्या चेहऱ्याचा शिट्टीबहाद्दर

'शिट्टीबहाद्दर' या विषयावर जगात फक्त दोन अधिकारी माणसं होऊन गेली, असं तपासनिसांचं ठाम मत होतं. एक म्हणजे ते कॉमिक काढणारा चित्रकार, पण तो आता हयात नाही. दुसरा कोण, हे ते विनयाने सांगायचे नाहीत. नुसती मिशी कुरवाळायचे!

तपासनीस म्हणजे कपबशांच्या कारखान्यातले तपासनीस. दिवसभर पट्ट्यावरून कप येणार, हे एकेक उचलणार, एक डोळा मिटून उजेडाकडे धरणार आणि म्हणणार, "नापास!" फुलाची पाकळी केसभर सरकली? नापास. कपाच्या कानावर मोहरीएवढा फोड? नापास. घरीसुद्धा तीच तऱ्हा. बायकोने स्टुलावर चढून घाम गाळत पडदा लावला, की हे खालून एक डोळा मिटून म्हणणार, "डावीकडे अर्धं बोट उतरलाय."

"मग तुम्हीच धरून उभे राहा तिथे!" बायको म्हणायची.

अशा या माणसाला आख्ख्या आयुष्यात एकाच वस्तूत दोष सापडला नव्हता. ती म्हणजे त्यांचं 'शिट्टीबहाद्दर'चं पुस्तक. ते आठ वर्षांचे असताना त्यांना गोवर निघाला होता. अंगात सणकून ताप, आणि तोंडात एकच धोशा, शिट्टीबहाद्दर पाहिजे! वडील, म्हणजे आप्पा, छापखान्यात बाइंडर होते. चौथ्या दिवशी आप्पांनी पुस्तक आणून हातात ठेवलं. आणि काय पुस्तक! लाल कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं, जाडजूड पुठ्ठा. वर्गातल्या बाकीच्या मुलांकडे तेच कॉमिक होतं, पण पातळ कागदाचं, टाचण्या मारलेलं. त्यात शिट्टीबहाद्दराचा चेहरा चारचौघांसारखा गव्हाळ होता. यांच्या पुस्तकात मात्र हिरवागार! बाळ तपासनिसाने तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला होता, "तुमची सगळ्यांची नकली आहेत!"

शिट्टीबहाद्दर शिट्टी मारून भिंती पाडायचा. आता एवढी शिट्टी मारायची म्हणजे श्वास कोंडणारच, आणि श्वास कोंडला की चेहरा हिरवा होणारच. यात न कळण्यासारखं काय आहे? शिवाय बत्तिसाव्या पानावर खलनायक गारठासम्राट दरीत कोसळून मरतो आणि तेहेतिसाव्या पानावर आरामखुर्चीत चहा पीत बसलेला असतो. त्याचाही खुलासा तपासनिसांकडे तयार होता.

"सम्राट मेला, पण बहाद्दराच्या मनातली भीती मेली नाही!" ते मुलीला, चिंगीला, समजावून सांगायचे. "तेहेतिसावं पान हे मनातलं पान आहे. फार खोल आहे ते."

"पण बाबा, आपण मेलोय हे त्याला कुणी सांगितलंच नाही का?" चिंगी विचारायची.

आप्पा कोपऱ्यात बसलेले असायचे. हा विषय निघाला की त्यांना हमखास खोकला यायचा आणि ते उठून पाणी प्यायला जायचे.

तर अशा या शिट्टीबहाद्दरावर सिनेमा आला! जाहिरातीत म्हटलं होतं, 'जसं कॉमिक, तसाच सिनेमा! चौकट न् चौकट!' कारखान्यातल्या भट्टीवाल्याने ती जाहिरात मुद्दाम तपासनिसांच्या टेबलावर आणून ठेवली.

"काय साहेब, यात तरी चूक निघणार नाही बहुतेक."

"एक? दहा काढून दाखवतो! सिनेमा कॉमिकप्रमाणे निघाला, तर ही मिशी उतरवीन!"

"आणि नाही निघाला तर?"

"तर तुझी!"

भट्टीवाल्याची मिशी धगीने आधीच निम्मी झाली होती, त्यामुळे त्याचं काही फार जाणार नव्हतं. तपासनिसांचं तसं नव्हतं. लग्नाआधी त्यांचा फोटो बघून बायको एवढंच म्हणाली होती, "मिशी छान आहे." त्यानंतरच्या अठरा वर्षांत तिने त्यांच्या दुसऱ्या कशाचंही कौतुक केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. म्हणजे संसारात जमेच्या बाजूला काय होतं, तर ती मिशी! आणि गडी तीच पणाला लावून बसला.

रविवारी दुपारच्या खेळाला तपासनीस निघाले ते साक्षात शिट्टीबहाद्दर होऊन! बायकोने जुन्या चादरीचा झगा शिवून दिला होता. चेहऱ्याला त्यांनी कारखान्यातला नवा हिरवा रंग फासला होता. मिशीला तेवढा लागू दिला नाही.

"अहो, कपाचा रंग तोंडाला?" बायको म्हणाली.

"मी स्वतः तपासलाय! एक नंबर रंग आहे."

"मला नाही जमणार यायला," आप्पा म्हणाले. "गुडघा धरलाय."

"आप्पा, पुस्तक तुम्ही आणलंत आणि सिनेमाला तुम्ही नाही? चला!" असं म्हणून तपासनिसांनी त्यांना चिंगीशेजारी रिक्षात बसवलंच.

थिएटरच्या दारात काचेच्या पेटीत जुन्या कॉमिकची मूळ प्रत ठेवली होती. तपासनीस वाकले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "नकली!" शेजारी उभे असलेले मॅनेजर दचकले. हिरवं तोंड, झगा, काखेत लाल पुस्तक! मॅनेजरांना वाटलं, सिनेमा कंपनीने जाहिरातीसाठी माणूस पाठवला आहे. त्यांनी लगेच लवून नमस्कार केला. तपासनिसांना वाटलं, आपली कीर्ती इथवर पोचली! त्यांनीही मान तुकवली. झालं, इथेच घोटाळ्याची पायाभरणी झाली.

सिनेमा सुरू झाला. पडदाभर चौकटी! एका चौकटीत बूट धावताहेत, दुसरीत फक्त डोळे, तिसरीत गारठासम्राटाच्या तोंडातून फुगा निघतोय आणि त्यात अक्षरं उमटताहेत. सगळ्या चित्रांवर जुन्या छपाईसारखे बारीक ठिपके. वारासुद्धा रेघांनी काढलेला! सगळं थिएटर 'वा वा' करत होतं. तपासनिसांनाही आतून गुदगुल्या होत होत्या, पण हातात वही होती आणि मिशीचा प्रश्न होता.

तेवढ्यात बहाद्दर आला. चेहरा गव्हाळ!

"रंगदोष!" तपासनीस ओरडले आणि वहीत लिहिलं, 'एक.'

"श्शऽऽ!" मागून आवाज आला.

"झग्याच्या कडा सरळ! मूळ पुस्तकात प्रत्येक कडेला दुसरी कड असते, सावलीसारखी! दोन!"

"साहेब, बसा हो खाली," मागच्या रांगेतून भट्टीवाला म्हणाला. "झकास चाललाय."

अर्ध्या तासात वहीत चौदा दोष झाले. आणि मग तो प्रसंग आला. बहाद्दर गुरूकडे शिट्टी शिकायला जातो! तपासनीस ताडकन उठले. अहो, हा प्रसंग सम्राट मेल्यावरचा! पान तेहेतीस, चहाच्या वरचीच चौकट! आणि हे आत्ताच दाखवताहेत? त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सिनेमा चुकलेला नाही, लावणाऱ्याने भाग उलटे लावले आहेत!

"बाळ, खाली बस," आप्पा त्यांचा झगा ओढत म्हणाले. "बस रे. तसं नाहीये ते."

"आप्पा, ही माझी लाईन आहे!" म्हणत तपासनीस झगा सावरत थेट ऑपरेटरच्या केबिनमध्ये घुसले. मागोमाग मॅनेजर धावले.

"भाग उलटे लावलेत तुम्ही! मध्यंतरानंतरचा भाग आधी हवा, हा राहिलेला नंतर!"

"असं कसं असेल?" ऑपरेटर म्हणाला. "सम्राट आधी मरेल आणि मग..."

"मग चहा पितो! तेच तर मर्म आहे!"

मॅनेजरांना घाम फुटला. मागच्याच आठवड्यात याच ऑपरेटरने एका कौटुंबिक सिनेमात नायिकेचं बाळंतपण लग्नाच्या आधी दाखवलं होतं, आणि त्याची निस्तरानिस्तर अजून चालली होती. त्यात आता खुद्द कंपनीचा माणूस, तोही हिरवा होऊन, सांगतोय!

"बदल रे बाबा, बदल लवकर!" मॅनेजर म्हणाले.

ऑपरेटरने बदललं. पडद्यावर गुरूने शिट्टीसाठी तोंडाचा चंबू केला, आणि पुढच्या क्षणी एकदम लढाई! लोक म्हणाले, काय वेग आहे! पंचवीस मिनिटांनी सम्राट दरीत कोसळला. टाळ्या! शहरभर जल्लोष! पडद्यावर 'समाप्त' अशी अक्षरं आली. अर्धे लोक चपला शोधायला वाकले. आणि ते सरळ होतात तोवर पडद्यावर गारठासम्राट, ठणठणीत, आरामखुर्चीत चहा पितोय!

तपासनीस तेवढे एकटेच डोळ्यांत पाणी आणून पुटपुटले, "अगदी माझ्या पुस्तकातल्यासारखं!"

मग जो गदारोळ झाला, तो विचारू नका! "अरे, हा मेला होता ना!" "आमच्या डोळ्यांदेखत मेला!" "दिवे लावा!" दिवे लागले. लोकांनी मॅनेजरांना गराडा घातला. मॅनेजरांनी बोट तपासनिसांकडे केलं, "कंपनीच्या साहेबांनी सांगितलं!"

"कसली कंपनी? हे आमच्या कपबशांचे साहेब!" भट्टीवाला मागून म्हणाला, आणि मॅनेजर मटकन खुर्चीत बसले.

पण तपासनीस डगमगले नाहीत. खुर्चीवर चढून त्यांनी लाल पुस्तक उघडून धरलं. "हा पुरावा! पान बत्तीस, मेला! पान तेहेतीस, चहा! चेहरा बघा, हिरवा! खरी प्रत ही आहे! बाहेर पेटीत आहे ती नकली!"

मॅनेजर तरातरा जाऊन पेटीतली प्रत घेऊन आले. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली गेली. लोक माना घालून बघू लागले. एका प्रतीत गोष्ट सरळ चालली होती. आणि दुसऱ्या प्रतीत... तपासनिसांनी सवयीने एक डोळा मिटला. तीस वर्षं कप तपासलेला डोळा तो! आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या पुस्तकाकडे तपासनिसाच्या नजरेने बघत होता. रंग सरकलेला. कडा दुहेरी. पानांची उलटापालट. असा कप पट्ट्यावरून आला असता, तर...

"बाळ," मागून आप्पांचा आवाज आला. "चूक माझी आहे रे."

आप्पा काठी टेकत पुढे आले. एवढ्या लोकांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती.

"तू तापाने फणफणला होतास. छापखान्यातून चांगली प्रत बाहेर न्यायची बंदी होती, सगळ्या मोजलेल्या असायच्या. पण मशीनवाल्याने लाल शाईच्या जागी निळी भरली होती, तो गठ्ठा बाद झाला होता. त्यातलेच फर्मे उचलले मी. फर्मा म्हणजे हो, घडी घातलेली सोळा सोळा पानं. जेवणाच्या सुट्टीत बसून शिवले. घरी यायची घाई होती, तू वाट बघत होतास. दुसऱ्याच्या आधी तिसरा फर्मा शिवला गेला. मग तू म्हणालास, आप्पा, असं पुस्तक कुणाकडेच नाही. तेव्हा सांगवेना. आणि पुढे सांगायचं राहूनच गेलं."

सगळ्या लोकांसमोर फजिती झाली होती, पण तपासनिसांना दिसत होते ते जेवणाच्या सुट्टीत उपाशी पोटी सुई ओढणारे आप्पा.

"म्हणजे," चिंगी हळूच म्हणाली, "बाबा, तुमचं पुस्तक नापास?"

"खबरदार!" तपासनीस पुस्तक छातीशी धरून म्हणाले. "हे पुस्तक पास आहे! मी सांगतो ना!"

भट्टीवाल्याने घसा खाकरला. "ते ठीक आहे साहेब. पण मिशीचं काय?"

सोमवारी सकाळी तपासनीस जड अंतःकरणाने वस्तरा घेऊन न्हाणीघराकडे गेले, तर दार आतून बंद. दार उघडलं आणि आप्पा बाहेर आले. त्यांची पांढरीशुभ्र मिशी साफ! त्यांना असं कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

"चूक माझी, मिशी माझी," आप्पा म्हणाले. "सांग तुझ्या भट्टीवाल्याला, फिटलं म्हणावं. पण एक लक्षात ठेव. फर्मे उलटे असतील, चाळीस वर्षांत टाका एक उसवला नाही!"

आता वडिलांनी मिशी काढल्यावर मुलगा कुठल्या तोंडाने ठेवणार? तपासनिसांनीही आत जाऊन दोन हातांत काम उरकलं. बाहेर आले तेव्हा बायको त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"बरे दिसता की," ती म्हणाली. "अठरा वर्षं उगाच ठेवलीत." आणि मग तिने डोळे बारीक केले. "पण अहो, तो हिरवा रंग अजून तसाच आहे!"

तसाच होता! काल संध्याकाळपासून साबण झाला, तेल झालं, भांड्यांची घासणी झाली. रंग ढिम्म हलला नव्हता. सगळा चेहरा हिरवागार, आणि मिशीच्या जागी तेवढा गोरापान पट्टा! चिंगीने रंगाची डबी शोधून आणली आणि तिच्यावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"'शंभर वेळा धुऊनही रंग उतरत नाही. पास.' आणि बाबा, खाली सही तुमची आहे!"