ताडपत्रीच्या बदल्यात लायल

लायल प्रोकोपचे एक हजार बाहुले बुधवारी गावात आले, आणि गुरुवारी सकाळी लायल प्रोकोप दुसऱ्याच संघाचा झाला.

बाहुले वीतभर उंचीचे, स्प्रिंगवर मान डोलावणारे. लुंडबी ऑटर्स हा बेसबॉलचा चिमुकला संघ दर उन्हाळ्यात आपल्या एका खेळाडूचे असे बाहुले करून घ्यायचा आणि एका शनिवारी सामन्याला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक ठेवायचा. यंदाचा मान लायलचा होता. वय सदतीस, गुडघे सत्तर वर्षांचे, नाकाखाली झुपकेदार मिशी आणि काम कॅचरचं, म्हणजे फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलायचं. पंधरा वर्षांत सोळा संघ झाले होते. मोठ्या लीगमध्येही तो एकदा अकरा दिवस राहून आला होता, आणि ते अकराही दिवस त्याने बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलल्या होत्या.

बाहुल्यांचं ठरलं त्याच दिवशी त्याने ओमाहाला लेकीला फोन लावला होता. कोरा चौदा वर्षांची, आईजवळ राहायची. तिच्या खोलीत सोळा संघांच्या सोळा टोप्या ओळीने टांगलेल्या होत्या. "या वेळी काही झालं तरी ये," तो म्हणाला होता. "एका गावाला तुझा बाप आपला वाटतोय. बघून जा." शुक्रवारच्या बसचं तिचं तिकीटही निघालं होतं.

आणि गुरुवारी संघाच्या मालकाचा फोन.

"लायल, मनाला लावून घेऊ नकोस हं," अर्ल फेनस्के म्हणाला. "तुला क्रेन्सला दिलंय."

"बदल्यात कोण येतंय?"

पलीकडे बराच वेळ घसा साफ होत राहिला.

"ताडपत्री."

झालं होतं असं, की मे महिन्यातल्या वादळात ऑटर्सची मैदान झाकायची ताडपत्री उडाली ती थेट तळ्यात. तेव्हापासून चार थेंब पडले तरी सामना रद्द. शेजारच्या गावातल्या क्रेन्सकडे ताडपत्र्या दोन होत्या आणि धड कॅचर एकही नव्हता. दोन्ही मालकांचं दोन मिनिटांत जमलं.

"नवी आहे का?" लायलने विचारलं.

"जवळजवळ."

"म्हणजे माझ्यासारखीच," लायल म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. भांडण नाही, तक्रार नाही. कुणी 'जा' म्हटलं की बॅग भरायची, हे त्याला पाठ होतं. फक्त या वेळी बॅगसुद्धा भरावी लागली नाही. क्रेन्सचा पुढचा सामना शनिवारी लुंडबीतच होता! त्यामुळे तो ओर्फाबाईंकडेच राहिला. ऑटर्सचे खेळाडू गावकऱ्यांच्या घरीच राहायचे, आणि लायल ओर्फा ट्वाइट नावाच्या पंचाहत्तरीच्या बाईंच्या माडीवर होता. माणूस त्याच पलंगावर, नुसता शत्रू झालेला.

कोराला सांगायचं मात्र त्याच्याने होईना. तीनदा फोन उचलला, तीनदा ठेवला.

अर्लला बाहुले आठवले ते दुपारी, सँडविचचा घास तोंडात असताना. शनिवारी समोरच्या संघाच्या खेळाडूचे बाहुले वाटायचे? गाव त्याला जन्मभर हसलं असतं. त्याने घास गिळला आणि डोकं चालवलं. बाहुल्यांच्या पाठीवर लायलचा चौतीस नंबर होता, म्हणून त्या नंबरचा शर्ट त्याने डस्टिन या नव्या कॅचरला देऊन टाकला. बाहुल्यांच्या पायाखालच्या नावावर डस्टिनच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची ठरली. राहिली मिशी. डस्टिन बावीस वर्षांचा होता आणि त्याच्या ओठावर अजून लवही फुटली नव्हती.

शुक्रवारी दुपारी लायल धावून घामाघूम होऊन घरी आला, तर स्वयंपाकघरात ओर्फाबाई आणि चर्चमधल्या सात बायका गोल बसलेल्या. मध्ये खोकी, शेजारी लेमन बारचं, म्हणजे लिंबाच्या वड्यांचं, ताट, आणि प्रत्येकीच्या हातात नखांचा रंग काढायच्या औषधात बुडवलेला बोळा.

"अगं बाई!" ओर्फाबाईंनी हातातला बाहुला घाईने एप्रनखाली लपवला. "लायल, तू इतक्यात कसा आलास? आम्ही आपलं जरा... अर्लने सांगितलं म्हणून."

लायलने एक बाहुला उचलला. मिशी साफ गेली होती, आणि तिच्याबरोबर तोंडही. डोळे, नाक, आणि खाली नुसता गुळगुळीत गुलाबीपणा.

"तोंड पण जातंय, ओर्फाबाई."

"जातंय खरं. मिशीला अगदी चिकटून आहे ना."

"बोळा फार ओला घेताय तुम्ही," लायल म्हणाला. त्याने खुर्ची ओढली, एक बोळा घेतला आणि कामाला लागला. तोंड त्याच्याकडूनही वाचत नव्हतं, पण हात चांगला चालत होता. तासाभरात त्याने स्वतःला शंभर वेळा पुसलं. मग एकीने त्याच्यापुढे लेमन बार सरकवला, दुसरीने कॉफी ओतली.

"बाबा?"

दारात कोरा उभी. बस वेळेआधी आली होती.

"हे काय चाललंय?"

"मदत करतोय."

"स्वतःलाच पुसायला?"

मग सगळं सांगावं लागलं. ताडपत्रीपाशी आल्यावर कोराने डोळे मिटून घेतले.

"तू काय म्हणालास मालकाला?"

"नवी आहे का, म्हणून विचारलं."

"बाबा! कुणी जा म्हटलं की तू स्वतःच दार उघडून धरतोस. एकदा तरी भांड ना!"

"भांडलो असतो तर पंधरा वर्षं कुणी ठेवलं नसतं, बेटा."

"ठेवलं कुठे?" कोरा म्हणाली. लायलने पुढचा बाहुला पुसायला घेतला.

शनिवारी दुपारी मैदान भरलं. दारात बाहुले वाटले गेले आणि कुजबुज सुरू झाली.

"हा डस्टिन?" एक शेतकरी बायकोला म्हणाला. "अगं, याला पोट आहे."

"आणि तोंड नाही," बायको म्हणाली. "हा तर आपला लायल आहे."

आपला लायल क्रेन्सच्या राखाडी शर्टात पाहुण्यांच्या बाकावर बसला होता. कोरा ओर्फाबाईंशेजारी, मांडीवर बाहुला, चेहरा आंबलेला.

चौथ्या डावात आभाळ काळं झालं आणि पाऊस कोसळला. पंचाने हात वर केले. ऑटर्सची पोरं ताडपत्रीच्या गुंडाळीकडे धावली, पण ती ओली जड वस्तू त्यांना हलेना. लायल हा तमाशा दोन मिनिटं बघत बसला. मग सोळा संघांत मैदानं झाकून झाकून लागलेली सवय त्याच्या पायांत उतरली आणि तो राखाडी शर्टानिशी पावसात धावत सुटला.

"डावी बाजू उचला रे! ओढू नका, ढकला!"

ज्या ताडपत्रीच्या बदल्यात तो विकला गेला होता, तीच तो लुंडबीच्या मैदानावर अंथरत होता. हे आधी ओर्फाबाईंच्या लक्षात आलं. त्या उठल्या आणि त्यांनी बाहुला उंच धरला. मग चर्चमधल्या सातजणी उठल्या, मग तो शेतकरी, मग रांगाच्या रांगा. एक हजार बिनतोंडाची डोकी एकदम हो-हो करू लागली.

लायलने वर पाहिलं. पाहत पाहत तो मागे सरकला, आणि त्याचा पाय ताडपत्रीतून आरपार, घोट्यापर्यंत चिखलात गेला.

भोक होतं. शोधल्यावर आणखी अकरा सापडली. मैदानाचं तळं झालं, सामना रद्द झाला, आणि छपराखाली अर्ल क्रेन्सच्या मालकावर तुटून पडला.

"फाटकी चाळण दिलीस मला!"

"तू तरी नवाकोरा कॅचर दिलास का?"

"माझा लायल तुझ्या बारा भोकांपेक्षा बरा आहे! ने तुझी ताडपत्री, दे माझा माणूस!" अर्ल लायलकडे वळला. "चल रे, शर्ट बदल."

डस्टिन तर आधीच शर्ट काढत होता. "घ्या काका, मला खांद्यात ढगळच होतो."

लायलने हात पुढे केला. मग कोराकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"मालक, आधी विचारा."

"काय विचारू?"

"येतोस का, म्हणून."

अर्लने आजूबाजूला पाहिलं. भिजलेलं गाव ऐकत उभं होतं, शेकडो बाहुले माना डोलावत होते.

"येतोस का, लायल?" तो पुटपुटला.

"येतो," लायल म्हणाला. पंधरा वर्षांत एखाद्या संघात परत जाण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

पाऊस थांबेना, तशी माणसंही हलेनात. कुणीतरी कोराच्या हातात काळा मार्कर दिला आणि तिच्यापुढे बाहुल्यांची रांग लागली. पहिला बाहुला त्या शेतकऱ्याचा होता.

"बाबा, तोंड कसं काढू? हसरं की रडकं?"

"नुसती मिशी काढ. खाली काय आहे ते कुणाला दिसतंय?"

कोराने मान डोलावली. मग तिने आधी एक हसरं तोंड काढलं, नीट, दोन्ही कोपरे वर वळवून. ते वाळेपर्यंत थांबली, आणि मग त्याच्यावर झुपकेदार मिशी रंगवून ते पार झाकून टाकलं.

"दिसणार नाही म्हटलं ना," लायल म्हणाला.

"मला माहितीये ना पण," कोरा म्हणाली. "पुढचा द्या."