शेवटची दोन ताटं

अंबूताईंचे सोळा सोमवार पुरे झाले आणि नेमका उद्यापनाच्या तोंडावर त्यांचा गुडघा सुजला. हुबळीच्या केशवापुरात मेहुण जेवायला बोलवायचं तर नुसतं सांगून भागत नाही. घरी जायचं, बाईला कुंकू लावायचं, नको नको म्हणत चहा प्यायचा आणि उठता उठता, "सोमवारी दोघांनी पानावर यायचं हं," असं सांगायचं. सोळा जोडपी जेवून उठली की व्रत पूर्ण. तोवर अंबूताईंनी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. एवढी घरं फिरायची कशी, या विचारात त्या गुडघ्याला लेप लावून बसल्या होत्या.

"आई, तू पाय वर घेऊन बस," मुलगा साकेत म्हणाला. "माझं सॉफ्टवेअर बोलावेल."

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. साकेत ज्या कंपनीत लागला होता ती दुकानदारांची जाहिरात आपोआप करून देई. गिर्‍हाइकाला मोबाइलवर निरोप कधी धाडायचा, त्यानं दाद दिली नाही तर पुन्हा कधी टोचायचं, हे सगळं संगणक ठरवी. दुकानदारानं फक्त बिल भरायचं. अलीकडे साकेतनं या संगणकाला बंगळुरूची एक भाषांतराची सेवा जोडली होती. आपण इंग्रजीत लिहायचं, ती मराठी घरांत मराठी आणि कन्नड घरांत कन्नड निरोप पाठवणार. उत्तरं आली की त्यांचं इंग्रजी करून संगणकाला समजावणार. एका वाक्यात दोन्ही भाषा न अडखळता बोलणार्‍या हुबळीकरांची केवढी ही सोय!

"मग तू सरळ मराठीतच का लिहीत नाहीस?" साकेतच्या वडिलांनी, सुमंतरावांनी विचारलं. ते कोर्टातून निवृत्त झाले होते, पण उलटतपासणीची सवय निवृत्त झाली नव्हती.

"अप्पा, मग सेवा कशाला जोडली?"

सुमंतरावांनी पेपर तोंडासमोर धरला.

तासाभरात शेजारच्या वेदश्रीबाई मोबाइल हातात धरून कुंपणाशी आल्या. "अंबूताई, हे तुमच्याकडून आलंय का बघा. 'प्रिय ग्राहक, महादेवाच्या उद्यापनात आपले स्वागत. जोडीदारासह या आणि मोफत भोजनाचा लाभ घ्या.' मोफत म्हणजे काय हो? एरवी पैसे घेता होय तुम्ही?"

"अगंबाई! साकेतचं यंत्र आहे ते. माझा पाय असा... तुम्ही दोघं या म्हणजे झालं."

"बघूया," वेदश्रीबाई म्हणाल्या.

आता, आपल्याकडे जेवणाच्या आमंत्रणाला तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. सगळ्यांनी तसंच कळवलं. "बघूया." "देवाच्या मनात असेल तर." "ह्यांना विचारते." समोरच्या पार्वतक्कांनी "नोडोण" लिहिलं, म्हणजे तेच, कन्नडात. भाषांतराच्या सेवेनं आयुष्यात पहिल्यांदा प्रत्येक शब्द अचूक उतरवला. घोटाळा पुढे झाला. कुंकू लावताना बाईच्या चेहर्‍याकडे बघून अंबूताईंना कळलं असतं, ही येणार आणि ही नाही. संगणकाकडे चेहरा बघायची सोय नव्हती, होकार आणि नकार असे दोनच रकाने होते. ज्यानं नकार दिला नाही तो उत्सुक, आणि उत्सुक गिर्‍हाइकाचा पिच्छा सोडायचा नाही, ही त्याची शिकवण.

त्यानं पिच्छा धरला. सकाळी चहाला निरोप, दुपारी डोळा लागताना निरोप, तिन्हीसांजेला दिवा लावताना निरोप. "आपण अजून निर्णय घेतला नाही!" "विचार कसला करता?" शुक्रवारी तर, "सोबत आणखी एक जोडपे आणा आणि एक ओटी मोफत मिळवा."

अंबूताईंनी कानांना हात लावले. "अरे, ओटी मोफत? सवाष्णीची ओटी म्हणजे साबणावरचा चमचा आहे का रे?"

"आई, ते तयार साच्यातून आलं. पण बघ, होकार सुरू झाले!"

झाले होते खरे. पार्वतक्कांच्या यजमानांनी वैतागून "बर्तेवि मारायरे, बर्तेवि, साकु माडु!" असं लिहिलं होतं. येतो रे बाबा, येतो, पुरे कर आता! भाषांतर पुन्हा बिनचूक. संगणकानं त्यातलं 'येतो' घेतलं आणि 'पुरे कर' सोडून दिलं. बाकीच्यांनीही हीच युक्ती केली. रविवारपर्यंत सगळी घरं पक्की.

"मी एकेकाला फोन तरी करते," अंबूताई म्हणाल्या.

"नको! मग लोक तुझ्या फोनमुळे आले की सॉफ्टवेअरमुळे, हे मला कसं कळणार? साहेब सोमवारी अहवाल बघणार आहेत."

"व्रत आईचं आणि अहवाल साहेबांचा," पेपरामागून आवाज आला.

सोमवारी पहाटेपासून स्वयंपाकीण हिराबाई कामाला लागल्या. चुरमा झाला, नैवेद्य झाला. सोळा जोडप्यांची पानं मांडून रांगोळ्या काढल्या. बारा वाजले. साडेबारा वाजले. दारात फक्त मांजर आलं, तेही एकटंच.

"मसालेभाताची खरवड व्हायला लागली, अक्का," हिराबाई आतून म्हणाल्या.

साकेत संगणकासमोर घामाघूम झाला होता. "सगळे पक्के दिसताहेत, आई! एकूण एक!"

अंबूताईंचे ओठ सुकले होते. आवाज मात्र नेहमीसारखाच मऊ. "तुझ्या पेटीत आलेत ना सगळे? मग पानं तिथंच वाढ बाळा."

सुमंतराव उठून फोनकडे निघाले. तेवढ्यात एक वाजला आणि संगणकानं कुणालाही न विचारता आपला शेवटचा निरोप सोडला: "कार्यक्रम संपला. आपली संधी हुकली. महादेव आपल्याला विसरणार नाहीत."

साच्यातलं मूळ वाक्य एवढंच होतं की आमचं दुकान आपल्याला विसरणार नाही. साकेतनं दुकानाच्या जागी महादेव घातले होते.

पाचव्या मिनिटाला वेदश्रीबाई धावत आल्या. मागे त्यांचे यजमान सदर्‍याची बटणं लावत. "अंबूताई, पदर पसरते! प्रसाद नाकारला असं देवाला सांगू नका. कहाणीत प्रसाद टाकणार्‍यांचं काय काय होतं ते ऐकलंय मी!"

"अहो, पण तुम्ही आला का नाहीत?"

"कसं येणार? कालच निरोप आला, 'घाई करा! शेवटची दोनच ताटं शिल्लक!' म्हटलं, अंबूताईंकडे ताटं कमी पडताहेत. शेवटचं ताट आपण अडवावं, हे बरं दिसतं का? म्हटलं, पार्वतक्कांना जाऊ दे."

पार्वतक्का दारातच होत्या, हातात नारळ. "अय्यो! मी म्हटलं वेदश्रीबाई जाऊ देत. आम्ही घरी उपीट खाल्लं की हो अक्का!"

सुमंतरावांनी साकेतकडे पाहिलं. साकेत पुटपुटला, "ताटं कमी आहेत म्हटलं की माणसं तुटून पडतात, अप्पा. पुस्तकात तसंच आहे."

"ते पुस्तक लिहिणार्‍याला कुणी पंगतीत बसवलं नसणार."

मग रीघच लागली. नवनगरहून एक जोडपं रिक्षा करून आलं, रायापूरचं एक जोडपं स्कूटरवरून. प्रत्येकानं शेवटचं ताट दुसर्‍या कुणासाठी सोडलं होतं आणि प्रत्येकजण आता घाबरून माफी मागत होता. "जेवणं व्हायचीच आहेत. बसा," एवढंच अंबूताई म्हणत होत्या. सोळावं मेहुण पानावर बसलं तेव्हा त्यांनी देवाकडे पाहिलं. बायकांच्या डोळ्यांना पदर, पुरुषांच्या पोटात अगोदरच उपीट, तरी कुणी चुरमा नको म्हणालं नाही. म्हणायची हिंमतच नव्हती.

संध्याकाळी अंबूताईंनी अखेर पाणी घेतलं, चुरम्याचा घास घेतला आणि गुडघ्याला लेप लावून त्या टेकल्या. साकेत नाचतच आला. "आई! बोलावलेले सगळे आले! साहेब म्हणाले, असा अहवाल बंगळुरूतही नाही!"

तेवढ्यात अंबूताईंचाच मोबाइल वाजला. आपला नंबर त्यांनी यादीत घातला नव्हता, तो साकेतनं घातला होता. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. "प्रिय ग्राहक, आपला अनुभव कसा होता? या देवाची शिफारस आपण मित्रांना कराल का?"

"आता बघ आई," साकेत म्हणाला, "मार्गशीर्षातल्या गुरुवारी तुझं हळदीकुंकू असतं ना? तेही यावरच करूया का?"

अंबूताई गोड हसल्या. "बघूया," म्हणाल्या, आणि मोबाइलवरही तेच लिहून पाठवलं.

साकेतनं पडद्याकडे पाहिलं. आईचं नाव उत्सुक गिर्‍हाइकांच्या रकान्यात सगळ्यात वर चढलं होतं. मग त्यानं आईच्या चेहर्‍याकडे पाहिलं.

पाहिलं आणि मुकाट्यानं संगणकाची वायर काढली.