एजंटांनी येऊ नये

फाटकावर ‘घर विकणे आहे. एजंटांनी येऊ नये’ अशी पाटी होती, म्हणून एजंटसाहेबांनी आपण एजंट आहोत हे सांगायचंच नाही असं ठरवलं. निर्णय तसा छोटासाच होता.

“मी ऑफिसात कारकून आहे,” जिन्यातच त्यांनी बायकोला बजावलं. “आणि घर आवडलं तरी तोंड पाडून ठेव.”

“मुद्दाम कशाला पाडू? लग्न झाल्यापासून भाड्याच्या खोल्यांत राहतेय,” बायको म्हणाली.

हे मात्र खरं होतं. निम्म्या गावाला घरं मिळवून देणारा हा माणूस स्वतः भाड्याने राहत होता, आणि आता घरमालकाच्या मुलीला ती जागा हवी होती. महिनाअखेर बिऱ्हाड हलवायचं होतं. घरं काही कमी बघितली नव्हती, पण प्रत्येक घरात एजंटसाहेबांना काहीतरी काळंबेरं दिसे. भिंतीला नवा रंग असला की मागे नक्की ओल. जुना रंग असला की मालक चिक्कू, म्हणजे पाइपही जुनेच. (गावातल्या साप्ताहिकात ते घरखरेदीवर सदर लिहीत, आणि कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवू नका असं दर आठवड्याला नव्याने सांगत. ते सदर अक्षरशः पाळणारा वाचक एकच होता, तो म्हणजे लेखक.)

दार एका निवृत्त मास्तरांनी उघडलं. मुलीकडे कायमचं राहायला जायचं म्हणून ते घर विकत होते. खोल्या आटोपशीर, उजेड भरपूर. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक झाड होतं. बायको ओट्यावर हात ठेवून त्या झाडाकडे बघत उभी राहिली आणि तोंड पाडायचं साफ विसरली. इतकी खूश ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती. आता भाव चढणार, म्हणून एजंटसाहेब घाईघाईने तिच्या आणि मास्तरांच्या मधे उभे राहिले.

“मास्तर, घरात दोष काय आहे?” त्यांनी कारकुनी आवाजात विचारलं.

“आहे ना. बाथरूमचा नळ ठिबकतो. आणि वरचे गृहस्थ या वयात गाणं शिकताहेत. गळा अजिबात नाही हो त्यांना.”

एजंटसाहेबांनी कान टवकारले. छोटा दोष आपण होऊन सांगायचा आणि मोठा त्याच्या आड लपवायचा, हे तर धंद्यातलं पहिलं पाऊल! त्यांनी भिंती ठोकून बघितल्या. कपाटामागे नाक घालून वास घेतला. जमिनीला उतार आहे का हे बघायला ते हॉलमध्ये चक्क पालथे पडले.

“अहो, उठा! काय म्हणतील ते?”

“ह्यांना बरं वाटत नाही का?” मास्तरांनी काळजीने विचारलं.

काहीच सापडलं नाही. (साधा माणूस इथे निश्चिंत झाला असता. एजंटसाहेबांच्या मते, काहीच सापडत नाही याचा अर्थ भानगड फारच मोठी होती.) तेवढ्यात बेल वाजली आणि एक तरुण जोडपं आत आलं.

“आम्हीही घर बघायला आलोय,” तरुण म्हणाला.

एजंटसाहेब मनातल्या मनात हसले. सापडली भानगड! हे खोटं गिऱ्हाईक होतं. खरं गिऱ्हाईक कां-कूं करायला लागलं की नेमक्या त्याच वेळी असं एखादं जोडपं टपकतं, घरावर फिदा होतं, आणि खरं गिऱ्हाईक घाबरून होकार देतं. स्वतः एजंटसाहेबांनी आपल्या मेव्हण्याला या कामाला वर्षानुवर्षं जुंपलेलं होतं. मास्तर दिसायला गरीब, पण पोचलेला माणूस निघाला! आता त्याचं नाटक त्याच्याच अंगावर उलटवायचं. घर सरळ त्या जोडप्याच्या गळ्यात मारायचं, की त्यांना पळता भुई थोडी होईल.

“या, या, आत या!” ते गरजले. “असं घर शोधून सापडणार नाही. या भिंती बघा, ठणठणीत! मी स्वतः ठोकल्यात. ओल नावालाही नाही, मी हुंगून सांगतो. आणि जमीन? झोपून बघा हवं तर!”

बायकोने त्यांची बाही ओढली. “अहो, हे घर आपल्याला हवंय ना?”

“गप्प बस. आता बघ कसे पळतात,” ते कुजबुजले, आणि तरुणीला स्वयंपाकघरात घेऊन गेले. “ही खिडकी बघा. या झाडाकडे बघत स्वयंपाक करायचा म्हणजे... विचारा आमच्या हिला.”

हिने तोंड फिरवलं होतं.

जोडपं पळालं नाही. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि तरुणाने खिशातून चेकबुक काढलं.

“मास्तर, बस झालं आता नाटक,” एजंटसाहेबांनी डोळा मारला.

“कसलं नाटक?” मास्तर म्हणाले. त्यांच्या हातात चेक होता. तो खोटा वाटत नव्हता.

एजंटसाहेब मधे पडले. “थांबा, थांबा! बाथरूमचा नळ ठिबकतो!”

“हो, मास्तरांनी फोनवरच सांगितलं,” तरुण म्हणाला.

“आणि वरचा माणूस भयंकर गातो!”

“ते माझे मामा. त्यांनीच हे घर सुचवलं. खरं सांगू, आम्ही सहज बघायला आलो होतो. तुम्ही भेटलात म्हणून निर्णय झाला.”

मास्तरांनी एजंटसाहेबांचे दोन्ही हात धरले. “देवमाणूस आहात! एजंट असता तर एवढं जीव तोडून सांगितलं असतंत का?”

बायको घरापर्यंत चार पावलं पुढेच चालत राहिली. एजंटसाहेबांनी वाटेत तीनदा चूक कबूल केली, तरी ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ती साडी बदलून पर्स घेऊन निघाली.

“कुठे निघालीस?”

“घर बघायला. बाजारपेठेतला तो दुसरा एजंट आहे ना, त्याला सांगितलंय.”

“अगं, घरात एजंट असताना बाहेरचा कशाला?”

“तोही हेच म्हणाला,” बायको चपला घालत म्हणाली. “साहेबांनाच का नाही सांगत, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, त्यांना दाखवलं होतं मला आवडलेलं घर. अर्ध्या तासात विकून मोकळे झाले.”